माशा पाळणारीचा जबाब

हर्णैला गेले की बायका विचारतात,
काय करतेस गं तिकडे सोहारला?
माशा पाळते, म्हणते मी.
खिदळतात. माशा मारायचाही पगार मिळतो म्हणे आखातात!

आई हसत नाही.
तिचा जन्म गेला वाळत्या बोंबलांवरून
निरगुडीची डहाळी फिरवण्यात.
एक बसली की अख्खी दांडी गेली, म्हणायची.
तीच निळी माशी आता
माझ्या जाळीच्या पिंजऱ्यात साखर खाते,
कलेजीचा तुकडा ठेवला की अंडी घालते.
मी तास लिहिते, पारा लिहिते,
दोन्हींचा गुणाकार मांडते.
अळीला तारीख कळत नाही, ऊन कळतं.
तेवढ्यावर माझं पोट चालतं.

जूनच्या चोवीसला डब्या आल्या.
चिठ्ठी : पोशेट्टी सायन्ना बोईनवाड, धर्माबाद, जिल्हा नांदेड.
बंदराच्या रस्त्यालगतच्या साइटवर,
सांडपाण्यासाठी आणलेल्या सिमेंटच्या पाइपात.
ईदची सुट्टी, फाटकाला कुलूप,
नऊ दिवस कोणी फिरकलं नाही.
कंपनीचा कागद मात्र आधीच पोचलेला :
'पंधरा तारखेपासून फरार.'
आणि आमच्या कारकुनाने, मक्षिकास्थाने मक्षिका,
तेच फॉर्मवर उतरवलेलं.

डॉक्टर बद्रिया म्हणाल्या, घाई नको.
पाइपात तापमापक ठेवून आलो.
दुपारी एक्केचाळीस, पहाटे एकतीस.
काही कोष रिकामे, टोपण उडालेले,
काही अजून भरलेले, तपकिरी,
फोडणीत टाकायच्या आधी निवडून काढावेत
असल्या दाण्यांसारखे.
(हे कुणाला सांगत नाही. त्या आठवड्यात मी डाळ खाल्ली नाही.)

मग उलटी मोजणी. कोष, त्याआधी थोराड अळी,
त्याआधी दोरा, त्याआधी अंडं.
भर उन्हात ती अंडी घालत नाही, काळोखातही नाही.
म्हणजे चौदाची संध्याकाळ,
नाहीतर पंधराची पहाट.
याच्या अलीकडे नाही. पलीकडचं मला माहीत नाही,
आणि चौदाच्या हजेरीपटावर अंगठा आहे.
पळालेला माणूस
पळायच्या आधीच मेलेला निघाला.
कंपनीचा माणूस दारात उभा राहून
फोनवर कुणाला तरी सांगत होता,
सगळं नीट चाललेलं, कुठे माशी शिंकली कळत नाही.

नंबर फाइलमध्ये होता. लावायला नको होता.
नरसाबाई रडली नाही. म्हणाली,
तारखेचं मी काय करू, ताई? तिथी सांगा.
मी दाते उघडून बसले, प्रयोगशाळेत, हातमोजे घालून.
अष्टमी असेल, म्हटलं. किंवा नवमी.
पोलिसांना 'किंवा' चालतं. श्राद्धाला चालत नाही.

ती थोडी थांबली.
"अष्टमीच्या रातीला बोलला की.
मिरचीला काय भाव लागला, इचारला.
खोलीतला एसी बंद हाय म्हनला, पाइपात निजलोय,
लई गार हाय हितं.
नवमीला मीच लावला. वाजत राहिला."

मी संध्याकाळ खोडली. पहाट ठेवली.
अहवालात नाही, माझ्या वहीत.
"दहावा तर होऊन गेला मग," ती म्हणाली.
"कावळ्याला घास बी दावला नाही कुनी."

दहाव्याच दिवशी पहिला कोष फुटला असावा,
हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

शेवटचा माझ्या टेबलावर फुटला, सव्वीसला, दुपारच्या अजानीच्या सुमारास.
आधी डोकं, मग ओले पाय,
पंख चुरगळलेले, आईच्या पदराच्या गाठीसारखे.
नियमाप्रमाणे तिला टाचणी लागायची होती,
नंबर, सही, तारीख.
लावली.
पण आधी तिचे पंख वाळू दिले.
तोही नियमच आहे. तरी त्या दिवशी
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.